रिकाम्या टाकीचा धाक

सकाळी ८.३०

कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटरं वर जातात आणि लेथ सुरू होतात, त्याच्या मधे दहा-पंधरा मिनिटांची शांतता असते. तेवढ्या वेळात पोरगं गॅरेज झाडतं आणि मी मीटरच्या खोक्यावरच्या गणपतीला उदबत्ती लावतो. आज देवाला नुसतं फूल वाहिलं. सर काल रात्री त्यांची मारुती ८०० दारात लावून गेले होते आणि मागच्या चाकापाशी फरशीवर पंज्याएवढा डाग दिसत होता. पाणी असतं तर डाग ओला राहिला असता, ऑइल असतं तर काळा पडला असता. हा कोरडा होता, फक्त वास येत होता. पेट्रोलचं असंच असतं. टपकतं, उडून जातं आणि वासावरून सापडतं.

९.००

सर आले. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी तीच, १९९६ची, कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं भरल्यापासून दर पाच वर्षांनी पासिंग करून आणतात.

"मिस्त्री, नुसता ठिपका होता हो. मी साबण लावला होता."

मी वाकून बघितलं. टाकीच्या बुडाला कपडे धुवायच्या वडीचा थर होता, वर बोटांचे ठसे. साबणाला मी नावं ठेवत नाही. तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळं घाटात अडकलेला माणूस साबण चोळून घरापर्यंत येऊ शकतो. सर त्याच्यावर तीन आठवडे फिरत होते.

"गाडी मधे उभी होती का?"

"आठ महिने. मुलीकडं होतो पुण्याला. पोर्चमध्ये, वर कव्हर घालून."

"टाकीत किती होतं?"

"पाव टाकी असेल. म्हटलं, उगाच भरून कशाला ठेवायची?"

इथंच सगळं आलं. २८ लिटरची टाकी पाव भरलेली म्हणजे उरलेल्या पाऊण भागात हवा. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतला दमटपणा आतल्या बाजूला दवासारखा धरतो आणि थेंब होऊन खाली उतरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाच्या शिवणीत जाऊन बसतं. एका रात्रीनं काही होत नाही. आठ महिन्यांत, त्यातही कोल्हापूरचा पावसाळा मधे आला, तर पत्रा आतून खाल्ला जातो. शिवाय आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला ओढतं. आपल्याच ऊसपट्ट्यातला माल तो, पण या गाडीच्या जन्माच्या वेळी त्याचा कुणी विचार केलेला नव्हता.

१०.००

गाडी ढकलतच मागच्या मोकळ्या जागेत घेतली. पोरगं म्हणालं, "खड्ड्यावर घेऊ की, वाकायला नको." इतर वेळी त्याचं बरोबर असतं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि खड्ड्यात साचते. वर उभ्या माणसाला वाससुद्धा येत नाही. टाकीचं काम खड्ड्यावर करायचं नाही, हा आमच्या गॅरेजचा पहिला नियम.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याला तासभर थांबायला सांगितलं. मोबाइल ऑफिसच्या टेबलावर ठेवले. वाळूच्या दोन बादल्या आणि आगीचा सिलिंडर हाताशी आणला. बॅटरीची अर्थची वायर आधी काढली, कारण पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर थेट टाकीतल्या फ्लोटला जाते आणि तिथं उडालेली एक ठिणगीही पुरते. मग हातपंपानं पेट्रोल पत्र्याच्या कॅनमध्ये उपसलं, कॅन आणि गाडी यांना वायरनं जोडून. नळी तोंडानं ओढायची जुनी सवय आमच्याकडं बंद आहे.

शेवटचं अर्धा लिटर मुद्दाम काचेच्या बाटलीत घेतलं आणि सरांच्या समोर बोनेटवर ठेवलं. दोन मिनिटांत बाटलीत रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी, त्यात गंजाचा भुगा तरंगत होता. सर चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"हे इंजिनात जात होतं?"

"जात होतं. म्हणून तर चढावर गाडी आचके देत होती."

११.१५

टाकी उतरवणं. एरवी अडलेला बोल्ट आम्ही गॅसनं लाल करून सोडवतो. आज ते चालत नाही, म्हणून गंजावरचा स्प्रे मारायचा, थांबायचं, पाना लावायचा, परत थांबायचं. दोन बोल्ट शहाण्यासारखे आले, एक तुटला.

पाइप तीन. इंजिनाकडं जाणारा, परत येणारा आणि वाफेचा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, कारण बसवताना अदलाबदल झाली तर दोष शोधण्यात दुसरा दिवस जातो. रबर दाबून बघितलं. नवीन रबर दाबलं की उसळी घेतं, हे पोळीसारखं भेगाळलं. तिन्ही पाइप आणि क्लिपा भंगारात.

खाली जॅक, त्यावर फळी, फळीवर टाकी. पोरगं दांडा फिरवत होतं, मी काठ धरून होतो. टाकी खाली आली तेव्हा तिच्या पाठीवर चिखलाचा वाळलेला पोळा होता. वर्षानुवर्षं चाकांनी उडवलेली माती तिथं बसते आणि प्रत्येक पावसात ओल धरून ठेवते. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मारा झाला होता.

१२.३०

टाकी रेडिएटरवाल्या चाचांकडं. पेट्रोलच्या टाकीला डाख द्यावा तो त्यांनीच. त्यांच्या दुकानात कधीच घाई नसते. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी खळबळायची, तीन-चार वेळा. मग बराच वेळ वाफ सोडायची. मग भोकाच्या खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. मग पत्रा खरवडायचा, जस्त मारलेलं ॲसिड लावायचं आणि लांब भट्टीवर तापवलेलं तांब्याचं हत्यार आणून कथील पसरायचं. टाकीजवळ ज्योत आणायची नाही.

नव्या पोरांना ते एकच वाक्य शिकवतात, "भरलेली टाकी पेटते, रिकामी फुटते." पुस्तकातही हेच आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती भडकते. पेट्रोल असलेल्या टाकीत वाफ दाट असते, पेटायला हवा पुरत नाही. उपसलेल्या टाकीत ती विरळ होत होत नेमकी त्या टप्प्यावर येऊन थांबते.

आज मात्र चाचांनी ॲसिडची बाटली उघडलीच नाही. साबण खरवडला, टोच्या घेतला आणि शिवणीच्या कडेनं हलकेच टेकवत गेले. पहिल्या भोकाशेजारी टोच्या आत गेला. चार बोटं पुढं पुन्हा आत गेला. सातव्यांदा गेल्यावर त्यांनी तो खाली ठेवला.

"एक भोक असतं तर दिला असता डाख. हे कापड विरलंय. ठिगळ कशाला शिवू?"

जाड दिसणाऱ्या पत्र्यावर मीही भुललो असतो. म्हणून टोच्या.

१.३०

भाकरी, खर्डा, दही. हात दोनदा धुतले तरी घासाला पेट्रोलचा वास येत होता.

२.३०

दुसरी टाकी. पोरग्याला स्कूटरवर पाठवलं, तासाभरानं ते एक टाकी घेऊन विजयी मुद्रेनं आलं. दिसायला तीच. वरून बघितलं तर मोठं गोल तोंड. ही इंजेक्शनवाल्या ८००ची. त्या मॉडेलचा पंप टाकीच्या पोटात असतो, त्याच्यासाठी हे तोंड. आमच्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा पंप इंजिनावर, टाकीत फक्त काट्याचा फ्लोट. परत पाठवलं. ८०० बनायची बंद झाली २०१४ मध्ये, आणि कार्बोरेटरचा जमाना त्याच्याही कितीतरी आधी संपला. पण ही गाडी एवढी विकली गेली की एखाद्या दुकानाच्या माळ्यावर काहीतरी निघतंच. नवी टाकी मिळाली, कागदात गुंडाळलेली, धुळीनं माखलेली.

४.००

बसवणं उतरवण्यापेक्षा सोपं, कारण सगळं स्वच्छ असतं. फ्लोटखाली नवीन गॅस्केट, रंगीत दोऱ्यांप्रमाणे नवीन पाइप, तेही इथेनॉल सोसणारे. फिल्टर बदलला, कार्बोरेटरची वाटी उघडून तळातला लाल गाळ पुसला. टाकीवर माती बसते त्या कोपऱ्यांना अंडरकोटिंग मारलं.

५.३०

आधी पाच लिटर ओतलं आणि थांबलो. मग पंपावर नेऊन गळ्यापर्यंत भरलं, कारण तोंडाजवळच्या पाइपाची गळती टाकी भरल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक सांधा पुसून त्यावर खडूची भुकटी लावली. पेट्रोल पाझरलं तर पांढऱ्यावर लगेच गडद डाग उठतो. खडू सरांच्या शर्टाच्या खिशातून निघाला. अजून ठेवतात.

अर्धा तास आम्ही दोघं स्टुलावर बसून पांढऱ्या भुकटीकडं बघत होतो. भुकटी पांढरीच राहिली.

"आता पुण्याला गेलात तर टाकी भरून ठेवा," मी म्हणालो. "आणि शेजारच्याला किल्ली द्या. पंधरवड्यातनं एकदा फिरवू दे."

७.१५

शटर ओढायच्या वेळी भंगारवाला आला. कोपऱ्यात जुनी टाकी काठोकाठ पाण्यानं भरून ठेवली होती, भोकांना सरांचाच साबण लावून.

"पाणी ओता की मिस्त्री. वजन कसं करू?"

तो ती नेणार आणि त्याचा माणूस उद्या सकाळी गॅसकटर लावून तिचे दोन तुकडे करणार. तिच्या पोटात काय उरलंय, हे त्याला कोण सांगणार?

"वजनाचे पैसे नकोत," मी म्हणालो. "पाण्यासकट ने. आणि कटर लावायच्या आधी मला फोन कर."

त्यानं पोरग्याला हाक मारली. दोघांनी मिळून टाकी हातगाडीवर चढवली. उतारापर्यंत पाणी हिंदकळत गेलं.