खिडकीवरील छापील चिठ्ठी

जालना एमआयडीसींतील लोखंडाच्या कारखान्यांत ज्यांचे वडील अथवा बंधु कामास आहेत, त्या विद्यार्थ्यांस स्टोअरची खिडकी ठाऊक असेल. कामगारास हातमोजे किंवा बेअरिंग हवें असल्यास तो स्वतः आंत शिरत नाहीं. छापील चिठ्ठीवर वस्तु, माप व नग भरून ती खिडकींतून देतो आणि वस्तु बाहेर येते. आज आम्ही ज्या विषयावर लिहूं इच्छितों तो संगणकाचा आहे. पण तो समजण्यास ही खिडकी फार उपयोगी पडेल.

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, तेव्हांपासून यंत्राशीं बोलण्याचें नवल उरलें नाहीं. परंतु अशा यंत्रबुद्धीचें ज्ञान म्हणजे तिनें पूर्वीं वाचलेला मजकूर. आज जालन्याच्या बाजार समितींत सोयाबीन काय भावानें गेलें, हें तिला आपण होऊन सांगतां येत नाहीं. आणि ठाऊक नसतांहि ती एखादा आंकडा खुशाल सांगून बसेल, हें अधिक घातक. तो आंकडा ऐकून ज्या पालकांस ट्रॉली भरावयाची असेल, त्यांस ही गंमत परवडणार नाहीं.

खरा भाव मिळण्याची सोय आहे. भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या २०१२ सालीं सुरू झालेल्या संकेतस्थळावर देशांतील बाजार समित्यांचे रोजचे दर असतात. राज्य, जिल्हा, बाजार व शेतमाल यांचीं नांवें देऊन संगणकानें विचारावें, म्हणजे किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलमागें रुपयांत मिळतो. एका संगणकानें दुसऱ्यास प्रश्न विचारण्याच्या अशा ठरीव दारास एपीआय म्हणतात. प्रश्नासोबत आपली एक गुप्त किल्लीहि द्यावी लागते.

आतां ही किल्ली यंत्रबुद्धीच्या हातीं देऊन ‘जा, काय तें विचार’ असें सांगावें काय? कोणीहि शहाणा मालक स्टोअरची चावी अशी देणार नाहीं. म्हणून जाणते लोक प्रश्न आधींच तयार करून त्याची छापील चिठ्ठी बनवितात. तिला टूल म्हणतात, आणि अशीं टूलें वापरून काम करणाऱ्या यंत्रबुद्धीस एजंट. चिठ्ठींतील कांहीं रकाने मालक स्वतः भरून ठेवितो: राज्य महाराष्ट्र, किल्ली अमुक, नोंदी इतक्या. हे एजंटास दिसतहि नाहींत. जिल्हा व शेतमाल एवढेच रकाने त्याच्यासाठीं कोरे असतात. कोणता रकाना भरलेला व कोणता कोरा, हें गरजेप्रमाणें केव्हांहि बदलतां येतें.

चिठ्ठीच्या माथ्यावर ती कशासाठीं आहे हें लिहावें लागतें, आणि आमच्या मतें खरी कसोटी येथेंच आहे. कारण तो मजकूर वाचूनच एजंट ती उचलावी कीं नाहीं हें ठरवितो. ‘भाव देते’ एवढेंच लिहिल्यास तो सोन्याचा भावहि तिलाच विचारील! ‘महाराष्ट्रांतील बाजार समित्यांतील शेतमालाचे दर, रुपये प्रति क्विंटल, तारखेसह’ असें लिहिलें कीं गोंधळ टळतो.

कोऱ्या रकान्यांतहि फसगत आहेच. सोयाबीनचें इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारें होतें. सरकारी यादींतील स्पेलिंग न जुळल्यास उत्तर रिकामें येतें, आणि एजंट म्हणतो, ‘आज आवक नाहीं.’ शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें. तेथेंहि तीच अडचण संभवते. यावर उपाय असा कीं, रकान्यांत मनास येईल तें लिहूं न देतां ठरीव यादीच द्यावी. सळईच्या चिठ्ठीवर ८, १०, १२, १६ मिलिमीटर असे आंकडे छापलेले असले म्हणजे कोणी तेरा मिलिमीटर मागत नाहीं, तसेंच हें. दुसरी एक गंमत: सर्वांसाठीं ठेवलेली नमुन्याची किल्ली वापरल्यास एका वेळीं दहाच नोंदी येतात. हें चिठ्ठीवर लिहिलेलें नसेल, तर राज्यांत बाजार दहाच आहेत असा निष्कर्ष एजंट काढील.

पूर्वीं प्रत्येक एजंटासाठीं निराळी चिठ्ठी छापावी लागे. २०२४ च्या नोव्हेंबरांत अँथ्रॉपिक कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा नियमसंच प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें केलेली एकच चिठ्ठी तो नियम पाळणाऱ्या सर्व एजंटांस चालते.

येथवर आम्ही केवळ माहिती विचारण्याचें बोललों. समजा, एमआयडीसींतील एखाद्या कारखान्यानें आपली दफ्तरें एजंटास खुलीं केलीं. भट्टींतील प्रत्येक वितळीस, म्हणजे हीटला, क्रमांक असतो. तो क्रमांक देऊन तींतील कार्बन, गंधक व स्फुरद यांचें प्रमाण विचारण्याची चिठ्ठी एजंटास खुशाल द्यावी. चुकला तर पुन्हां विचारील. मात्र माल रवाना करण्याची चिठ्ठी निराळी ठेवावी, आणि तिजवर सहीचा रकाना माणसासाठीं राखावा. चुकीच्या हीटची सळई एकदां कोणाच्या घराच्या स्लॅबमध्यें गेली कीं ती परत काढतां येत नाहीं.