रेघ नेमकी कशाची?

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या संयोग आणि समवाय या दोन संबंधांपाशी थांबलो होतो. टेबलावर पुस्तक ठेवलं, दोघांत संयोग झाला. पुस्तक उचललं, संयोग संपला. तंतू आणि त्यांचं वस्त्र यांना मात्र असं बाजूला काढता येत नाही, तिथे समवाय. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. हजारो ठिपके, त्यांच्यात कोळिष्टकासारख्या रेघा. मार्व्हल कॉमिक्समधल्या पात्रांचं जाळं होतं ते. त्याने विचारलं, "सर, या रेघा संयोग की समवाय?" प्रश्न इतका नेमका होता की आजचा तास आम्ही त्यालाच द्यायचं ठरवलं.

या प्रकारचा सर्वात गाजलेला अभ्यास 2002 सालचा. स्पेनमधल्या बालेआरिक बेटांच्या विद्यापीठातले तीन संशोधक, आल्बेरिच, मिरो-हुलिया आणि रोसेलो, यांनी तो केला. मार्व्हलच्या कुठल्या अंकात कोणकोण येतं याची नोंद चाहत्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवलेली होती. ती घेऊन त्यांनी 12,942 अंक आणि 6,486 पात्रं मांडली. 'हे पात्र या अंकात आहे' अशा नोंदी झाल्या 96,662. भागाकार केला तर एका पात्राच्या वाट्याला सरासरी पंधराएक अंक येतात, आणि एका अंकात साडेसात पात्रं.

आता नीट बघा हं, मूळ नोंद पात्र आणि अंक यांच्यातली आहे. पात्रा-पात्रांतली नाही. पात्रांचं जाळं त्यातून तयार करावं लागतं आणि त्याचा नियम एकच: दोघे एका अंकात आले की त्यांच्यात रेघ. अंकात चार पात्रं असतील तर सहा रेघा. वीस असतील तर 190. आणि सगळ्या फौजा एकत्र आणणारा एखादा विशेषांक निघाला, त्यात शंभर जण असले, तर एका फटक्यात 4,950! त्या शंभरांतल्या निम्म्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नसेल. लग्नाच्या ग्रुप फोटोवरून नातीगोती काढावीत, तसंच हे.

मग चित्र कसं बनतं? रेघ म्हणजे स्प्रिंग समजा आणि ठिपके एकमेकांना ढकलणारे. स्प्रिंगा ओढतात, ठिपके ढकलतात, आणि या रस्सीखेचीत जिथे सगळं स्थिरावतं ते चित्र. म्हणून एकमेकांत पुष्कळ रेघा असलेली पात्रं जवळ येतात आणि झुबके दिसतात: एक्स-मेनचा एक, ॲव्हेंजर्सचा एक. पण या नकाशाला उत्तर-दक्षिण नाही. कागद उलटा धरला तरी चित्र तेच. सुरुवातीची मांडणी बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला, तर डावीकडचा झुबका उजवीकडे जाईल. आपल्या डोळ्यांना मात्र वर म्हणजे श्रेष्ठ आणि मध्ये म्हणजे महत्त्वाचं असं वाचायची सवय, ती सुटत नाही. आम्हीही ते चित्र पाहताना आधी मध्येच पाहिलं, हे कबूल करतो.

त्या अभ्यासात मध्ये निघाला कॅप्टन अमेरिका. गंमत अशी, की सर्वात जास्त अंकांत दिसणारा तो नाही, स्पायडरमॅन आहे, 1,625 अंकांत. पण कॅप्टन अमेरिकाच्या सोबत्यांची संख्या 1,933 भरली आणि त्याच्यापासून इतरांपर्यंतचं सरासरी अंतर निघालं 1.70 रेघा. कारण तसं उघड आहे. 1964 पासून तो ॲव्हेंजर्समध्ये आहे आणि त्या चमूत माणसं सतत येतात-जातात. स्पायडरमॅन मूळचा एकटा फिरणारा. म्हणजे मध्यभागी तो बसतो ज्याची पंगत मोठी असते.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. खऱ्या समाजात माझे दोन मित्र एकमेकांचेही ओळखीचे असण्याचा बराच संभव असतो. मार्व्हलच्या जाळ्यात हे प्रमाण खऱ्या सहकार्य-जाळ्यांपेक्षा बरंच कमी भरलं. पुढे 2007 मध्ये पाब्लो ग्लायझर या भौतिकशास्त्रज्ञाने याच जाळ्यावर काम केलं आणि खलनायकांकडे लक्ष वेधलं. अमेरिकन कॉमिक्सवर 1954 पासून एक आचारसंहिता होती: शेवटी सुष्टांचा विजय, गुन्हेगाराला शिक्षा. मग दुष्टांची एकजूट होणार कशी? नायक नायकांना भेटत राहतात आणि प्रत्येक खलनायक आपापल्या नायकाच्या अवतीभवती अडकून पडतो. थोडक्यात, आपण ज्याला पात्रांचा समाज म्हणत होतो, त्यात संपादकांच्या टेबलावरचा नियम उमटलेला आहे.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. स्पायडरमॅनचे बेनकाका ऑगस्ट 1962 च्या त्याच्या पहिल्याच गोष्टीत मारले जातात. त्यानंतर ते येतात ते मुख्यतः आठवणीत. उलट जेमसन हा वर्तमानपत्रवाला 1963 पासून त्याला सतत शिव्या घालत हजर. साध्या जाळ्यात काकाची रेघ आणि जेमसनची रेघ अगदी सारखी. बरं, भेटींच्या संख्येनुसार रेघ जाड केली, तर जेमसनची दोरखंड होते आणि काकाची धागा. पण पीटर पार्कर जो काही झाला, तो त्या धाग्यामुळेच! काकाच्या मृत्यूचा अपराधभाव काढून घ्या, स्पायडरमॅन उरतच नाही. शास्त्रकारांचा समवाय याहून फार काटेकोर आहे, हे मान्य. पण दृष्टांतापुरता शब्द वापरायचा तर काकाशी असलेला हा संबंध समवायाच्या बाजूचा आहे. जाळं मोजतं तो निव्वळ संयोग.

कॉमिक्सपुरतं हे असतं तर आम्ही तासभर घेतला नसता. मोबाईलच्या नोंदींवरून तपासात असेच नकाशे काढतात. आमच्या वसाहतीत गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाचा विचार करा. रोज शंभर घरांशी त्याचं बोलणं, तेही अर्ध्या मिनिटाचं. नकाशात तो आमचा कॅप्टन अमेरिका. उद्या वसाहतीत काही विपरीत घडलं तर मधल्या ठिपक्यावर पहिलं बोट कोणाच्या नावाने पडेल? आणि जे दोन भाऊ वाटणीच्या भांडणानंतर दहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, त्यांच्यात रेघच नाही. अहो, त्यांच्या आयुष्यातला सर्वात बळकट संबंध तोच आहे, त्यावर दोन्ही घरं चालतात.

म्हणून असं चित्र समोर आलं की आधी विचारायचं: रेघ काढायचा नियम कोणता, आणि नोंद कोणी, कशासाठी ठेवली? त्या तरुण श्रोत्याच्या चित्राखाली यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

न बोलणाऱ्या भावांच्या निमित्ताने अभाव हा विषय दारात येऊन उभाच आहे. वैशेषिकांनी त्याला पुढे स्वतंत्र पदार्थ मानलं, ते का, हे पुढच्या व्याख्यानात घेऊ.