शाळेचें छप्पर कोण राखील ?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, प्रशांत महासागरांत, व्हानुआतू नांवाचें ८० हून अधिक बेटांचें एक लहानसें राष्ट्र आहे. लोकवस्ती सुमारें ३ लक्ष. भाषा मात्र १०० हून अधिक. १९८० पर्यंत इंग्रज आणि फ्रेंच यांनीं येथें संयुक्तपणें राज्य केलें. त्यामुळें आजहि कांहीं शाळा इंग्रजींतून, तर कांहीं फ्रेंचमधून चालतात. दोन धन्यांच्या चाकरीचा हा वारसा ! अशा या देशांत शाळा बांधावयास व सुधारावयास परदेशांतून अनेक मंडळी जातात. त्यांचें काम टिकतें केव्हां, एवढेंच आज पाहूं.

१३ मार्च २०१५ रोजीं 'पॅम' चक्रीवादळ येथें आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २५० किलोमीटर. अनेक शाळांचीं छपरें उडालीं. तेथें शाळा ही केवळ शाळा नसते. वादळांत गांवकरी तिच्यांत आश्रयास धांवतात. आणि जेथें ओढा नाहीं, तेथें छपरावरील पावसाचें पाणी टाकींत सांठवून पितात. छप्पर गेलें कीं निवारा, पाणी आणि मुलांचा अभ्यास, तिन्ही एकदम जातात.

छप्पर उडतें कसें ? वारा वरून वेगानें वाहूं लागला म्हणजे पत्र्यावरील हवेचा दाब उतरतो आणि पत्रा वर ओढला जातो. तशांत खिडकी फुटून वारा आंत शिरला, तर तो खालून रेटतो. साधा खिळा या ओढीनें सरळ उपटून येतो. म्हणून मळसूत्री खिळा, त्याखालीं रुंद चकती, वासा भिंतीशीं बांधणारी लोखंडी पट्टी, आणि भिंतींतून पायापर्यंत उतरलेली सळई, अशी अखंड सांखळी लागते. ओसरीचें छप्पर तर मुख्य छपरापासून तोडूनच बांधावें, म्हणजे जाईल तें एकटें जाईल. जून २०२० च्या 'निसर्ग' वादळांत रायगड-रत्नागिरीकडील ज्यांनीं आपले पत्रे उडतांना पाहिले, त्यांस अधिक सांगणें नको. शिवाय हा भूकंपाचाहि देश. वाऱ्याला अडविणारी जड भिंत भूकंपांत घातक ठरूं शकते.

परंतु हा झाला प्रश्नाचा सोपा भाग. परदेशी मनुष्य कांहीं आठवड्यांसाठीं येतो, आपल्याकडचें सामान आणतो, सुरेख इमारत उभी करतो, छायाचित्र काढतो आणि परततो. पुढें खाऱ्या वाऱ्यानें खिळे गंजतात. टान्ना बेटावर यासूर ज्वालामुखीची आम्लयुक्त राख पत्रा खाते. समुद्राची वाळू न धुतां काँक्रीटमध्यें घातली असेल, तर आंतली सळईहि कुजते. तसाच खिळा राजधानीच्या दुकानांत मिळेलच असें नाहीं. मग ती इमारत गांवाला परकी होते. याउलट तेथील जुनें घर पाहा : झावळ्यांनीं शाकारलेलें, बांबूच्या कुडाचें. तें वादळांत पडेल. परंतु शाकारावें कसें, हें गांवांत ठाऊक असतें.

एप्रिल २०२० मध्यें याची कसोटी लागली. 'हॅरल्ड' वादळानें सांतो आणि पेंटेकॉस्ट हीं बेटें झोडपलीं, आणि नेमक्या त्याच वेळीं साथीच्या भयानें देशाच्या सीमा बंद होत्या. बाहेरून माल आला. माणसें येऊं शकलीं नाहींत. उभारणीचा सारा भार तेथल्याच लोकांवर पडला.

म्हणून जाणारानें वादळांचा हंगाम, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, टाळून जावें. बिस्लामा ही तेथील सर्वांची बोली थोडी तरी शिकावी. गांवांत करवत कोणाच्या हातीं आहे, तें आधीं विचारावें, आणि पहिला पत्रा त्याच्याकडूनच बसवून घ्यावा. चुकला तरी काढून पुन्हां बसवूं द्यावा. निघतांना चकत्या आणि मळसूत्री खिळे यांची एक पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटांत ठेवून यावी.