‘आयसोलेटेड’ म्हणजे केवळ एकटा नव्हे

आखाडा बाळापूर : ‘इथे फार आयसोलेटेड वाटते,’ असे पुण्या-मुंबईत शिकणारा मुलगा दूरध्वनीवर सांगतो, तेव्हा कळमनुरी तालुक्यातील या गावी राहणाऱ्या आई-वडिलांना त्याचे नेमके दुखणे उमगेलच असे नाही. ‘खोलीत चार मित्र असताना एकटा कसा?’ हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी तो या शब्दाच्या अर्थाला बगल देतो.

लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. त्या शब्दापासून ‘आयसोलेटेड’ची व्युत्पत्ती झाली. बेटाप्रमाणे इतरांपासून तुटलेला, हा त्याचा मूळ भाव होय. संदर्भानुसार त्याचे मराठी रूप पालटते. हवामानाच्या अंदाजात ते ‘तुरळक ठिकाणी’ असे होते, तर २०२०च्या करोना साथीत ‘आयसोलेशन’साठी ‘विलगीकरण’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

मनाविषयी बोलताना मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. ‘एकटा’ ही वस्तुस्थिती, ‘एकाकी’ ही भावना, तर ‘एकांत’ बहुधा स्वेच्छेने पत्करलेला. ‘एकलकोंडा’ हा शब्द स्वभाव दर्शवितो; त्यामुळे ‘आयसोलेटेड’साठी तो वापरल्यास दोष दुखावलेल्या व्यक्तीच्याच माथी येतो. ‘तुटल्यासारखे वाटते’ हा पर्याय मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

हा भेद केवळ भाषेपुरता नाही. जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५मध्ये नमूद केले. तो मोजण्यासाठी अमेरिकेत १९७८मध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीच्या संक्षिप्त रूपात तीनच प्रश्न आहेत : सोबतीची उणीव, वगळले गेल्याची भावना आणि इतरांपासून तुटल्याची भावना किती वेळा जाणवते? घरात माणसे किती, हे त्यात विचारलेले नाही. भरल्या घरातील वृद्धाला ‘एकटे राहता का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ असेच येईल आणि दुखणे झाकलेलेच राहील.

मराठी माणूस ‘एकाकी’ हा शब्द बोलण्यात क्वचितच वापरतो. तो म्हणतो, ‘करमत नाही’, ‘घर खायला उठते’. मुलाचे ‘आयसोलेटेड’ आणि आईचे ‘करमत नाही’ यांतील वेदना अनेकदा एकच असते. ती ओळखून विचारपूस करणे ही पहिली पायरी. त्रास वाढल्यास ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते.