चित्रातली वास्तू आणि तिचा उंबरठा

आधुनिक चित्रात देऊळ, घुमट किंवा कमान दिसली की समीक्षक तिला ‘आध्यात्मिक प्रतीक’ म्हणून मोकळे होतात. ते प्रतीक कुणाच्या अनुभवातून आले, हे क्वचितच विचारले जाते. कुणी आत जावे आणि कुणी बाहेर थांबावे, हे वास्तू ठरवीत आली आहे. म्हणून तिच्या चित्राचा अर्थ पाहणारा कुठे उभा होता यावरही अवलंबून असतो, असे माझे मत आहे.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) नागपूरच्या कलाशाळेत शिकले. १९५० साली ते फ्रान्सला गेले. तिथली घरे, चर्चे त्यांनी रंगवली. १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रात चौकोन, त्रिकोण आणि काळा बिंदू ठळक झाले. रझांच्या लेखी बिंदू म्हणजे बीज, सृष्टीचा उगम. ही रचना पाहताना मला देवळाचा नकाशा दिसतो : मंडप, अंतराळ आणि अगदी आत अंधारे गर्भगृह. त्या अंधारात शांती असेलही. पण ती तिथवर जाऊ दिलेल्यांची.

आमच्या वऱ्हाडात अमरावतीचे अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना बंद होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत अस्पृश्यांची परिषद भरली. त्या माणसांना देवळाचा उंबरठाच तेवढा ठाऊक होता. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी असाच बाहेर ठेवलेला, गळ्यात मडके अडकवलेला माणूस चित्राच्या केंद्रस्थानी आणला.

आता स्तूप पाहा. सांचीसारखा प्राचीन स्तूप भरीव असतो. माणूस त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्मांतर झाले. तिथला, डिसेंबर २००१ मध्ये उद्घाटन झालेला स्तूप मात्र आतून पोकळ आहे. हजारो माणसे त्यात एकत्र मावतात. ज्यांना गाभाऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्या स्मारकात मधली जागाच माणसांसाठी मोकळी आहे. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतले पेंटर जयंतीच्या फलकांवर हाच घुमट रंगवतात. त्या चित्रांना कलादालनात जागा नाही, पण त्यांचा अर्थ वस्तीतल्या पोरालाही कळतो.

चित्रकला शिकवणाऱ्या मित्रांना माझी एवढीच सूचना आहे : वर्गात वास्तूचे चित्र दाखवाल तेव्हा रंगरेषांबरोबर तिचे दार कुठे आहे आणि ते कुणाला उघडे होते, हेही विद्यार्थ्यांना विचारा.