आगीची वर्दी

आग लागली म्हणजे प्रत्येक क्षण मोलाचा असतो. 10 नोव्हेंबर 1935 रोजी लंडनमधील विंपोल स्ट्रीट येथे एका घराला आग लागली. शेजाऱ्याने तत्काळ दूरध्वनी उचलला. परंतु दूरध्वनी केंद्रात इतर संदेशांची गर्दी होती व त्याला ताटकळत राहावे लागले. त्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. पुढे या प्रश्नाची चौकशी झाली आणि 30 जून 1937 पासून लंडनमध्ये संकटसमयी फिरविण्याचा 999 हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला.

अशा क्रमांकावरून आलेली आगीची वर्दी अग्निशामक दलाच्या नियंत्रण कक्षात पोहोचते. तेथील कर्मचारी आगीचे ठिकाण विचारून घेतो, जवळच्या केंद्रातील बंब रवाना करतो आणि बंब येईपर्यंत अडकलेल्या माणसाला धीर देतो. असे कक्ष गावोगावी असावेत, की अनेक परगण्यांसाठी मिळून एकच मोठा कक्ष असावा? इंग्लंडमध्ये या प्रश्नाचा मोठा खल झाला.

2004 साली तेथे असे 46 कक्ष होते. त्यांच्या जागी 9 विभागीय कक्ष उभारावेत, असे सरकारने ठरविले. या विचारात तथ्य होते. लहान परगण्यात रात्रभरात एखादीच वर्दी येते. तरी कर्मचाऱ्यांना जागे राहावेच लागते. उलट, मोठे संकट कोसळले म्हणजे त्याच मूठभर माणसांवर एकदम शेकडो हाका येऊन आदळतात. 11 डिसेंबर 2005 रोजी हर्टफर्डशायर परगण्यातील बन्सफील्ड येथे तेलाच्या साठ्याला भीषण आग लागली, तेव्हा इतर परगण्यांची दलेही मदतीस धावून आली. अशा वेळी कोणता बंब कोठे आहे, हे सर्वांना ठाऊक असणे हिताचे असते. एकाच कक्षात हे काम सोपे होते.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. एकाच नावाची अनेक गावे असतात. घाबरलेला माणूस पत्ता नीट सांगू शकत नाही. तो एखादे मंदिर, पूल किंवा जुनी गिरणी यांची खूण सांगतो. त्या भागात वाढलेल्या कर्मचाऱ्याला ती खूण चटकन पटते. शंभर मैलांवरच्या माणसाला ती शोधावी लागते. शिवाय एकच मोठा कक्ष बंद पडला आणि त्याचे काम उचलणारे दुसरे कोणी नसले, तर सारा विभाग हाकेला मुकतो.

इंग्लंडची योजना मात्र या दोन बाजूंची तुलना होण्यापूर्वीच फसली. सर्व कक्षांना जोडणारी संगणक यंत्रणा वेळेत तयार झाली नाही. स्थानिक दलांना ही योजना वरून लादल्यासारखी वाटली. इमारती मात्र आधीच बांधून झाल्या; पायाआधी कळस रचला गेला! डिसेंबर 2010 मध्ये योजना रद्द झाली. किमान 46 कोटी 90 लाख पौंड वाया गेले, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2011 साली काढला. तोपर्यंत बहुतेक इमारती रिकाम्याच होत्या.

त्यानंतर दलांनी आपापल्या सोयीचे मार्ग शोधले. चेशायर, कंब्रिया, लँकेशायर व ग्रेटर मँचेस्टर या चार दलांनी 2014 साली वॉरिंग्टन येथे एकत्र कक्ष सुरू केला आणि त्यासाठी जुन्या योजनेतील एक इमारत उपयोगात आणली. दक्षिणेकडील डेव्हन, सॉमरसेट, हँपशायर इत्यादी परगण्यांनी निराळा उपाय योजला. त्यांनी आपले कक्ष कायम ठेवले. पण ते एकाच यंत्रणेने जोडून घेतले. एका कक्षात हाकांची गर्दी झाली, तर दुसरा कक्ष ती वर्दी घेऊन बंब रवाना करू शकतो. खर्च वाटला गेला आणि स्थानिक ओळखही टिकली.

यावरून असे दिसते, की एकत्र येण्याचा लाभ खरा आहे. परंतु तो आपोआप पदरात पडत नाही. यंत्रणा आधी पारखावी, काम करणाऱ्यांचे मत घ्यावे आणि मगच इमारतीचा विचार करावा. प्रत्येक योजनेची कसोटी मात्र एकच: संकटात सापडलेल्या माणसाच्या दारी मदत लवकर पोहोचते की नाही?