तबकडीवरचा ओरखडा

तबकडी वाजता वाजता अडली की घरातील मंडळी एकमुखाने तिला दोष देतात. परंतु ओरखडा नेमका कोणत्या अंगाला पडला आहे, हे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. वस्तुतः घरगुती दुरुस्तीचे सारे यशापयश याच एका प्रश्नावर अवलंबून असते.

बेंगळूरच्या इंदिरानगरचा बराचसा भाग ‘एचएएल दुसरा टप्पा’ या नावाने ओळखला जातो. विमानांच्या कारखान्याशी असलेले नाते तेथे नावातच उमटले आहे. याच कंपनीचा कारखाना १९६४ साली नाशिकजवळ ओझरला निघाला. ओझरहून बदली होऊन बेंगळुरास स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या कपाटात आजोबांच्या वेळच्या लाखेच्या ध्वनिमुद्रिका आणि मुलांनी घेतलेल्या चकचकीत कॉम्पॅक्ट तबकड्या शेजारी शेजारी आढळाव्यात, यात नवल नाही. त्यांची जात मात्र एक नव्हे, आणि म्हणून उपचारही एक नव्हे.

मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी जुनी ध्वनिमुद्रिका लाख आणि खनिजांची पूड यांच्या मिश्रणाची असे. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांनी दिलेली. या मुद्रिकेत आवाज साठविलेला असतो तो खाचेच्या नागमोडी भिंतींत. ओरखडा पडला म्हणजे ती भिंतच तुटली. घासून ती पुन्हा उभी राहत नाही, उलट उरलेलीही झिजते. येथे करण्याजोगे एवढेच, की मऊ ब्रशाने खाचेतील धूळ काढावी, सौम्य साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि सावलीत वाळवावे. स्पिरिटचा बोळा फिरविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण स्पिरिटात लाख विरघळते. बालगंधर्वांचे एखादे नाट्यपद अशा अतिस्वच्छतेला बळी पडण्यापेक्षा थोड्या खरखरीसह ऐकलेले बरे.

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट तबकडीची गोष्ट निराळी. तिची जाडी १.२ मिलिमीटर. त्यातील जवळजवळ सर्व पारदर्शक प्लॅस्टिक असते. मजकूर कोरलेला असतो तो त्या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला. त्यावर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर, त्यावर रोगण आणि त्यावर छापील नाव. म्हणजे जी बाजू लोक निर्धास्तपणे टेबलावर पालथी टेकवतात, तीच खरी नाजूक! खालची चकाकणारी बाजू ही केवळ खिडकीची काच होय. लेसरचा किरण त्या काचेत शिरतो तेव्हा पाऊण मिलिमीटरहून थोडा रुंद असतो आणि आत जाऊन सूक्ष्म बिंदूवर एकवटतो. दूरचा डोंगर पाहताना खिडकीवरचा बारीक चरा जसा जाणवत नाही, तसाच किरणालाही पृष्ठभागावरचा लहान ओरखडा जाणवत नाही. शिवाय संगीताचे अंक एकाच जागी न ठेवता विखरून नोंदलेले असतात. त्यामुळे मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटर तुकडा सलग नाहीसा झाला तरी यंत्र तो हिशेबाने भरून काढते. परिघाच्या दिशेने गेलेला ओरखडा याहून लांब पल्ला एकदम गिळतो, म्हणून तो अधिक घातक. तबकडी पुसताना हात गोल न फिरविता मध्यापासून कडेकडे सरळ न्यावा, यामागील कारणही हेच.

दुरुस्ती करावयाची ती या काचेची. तबकडी प्रथम धुवून कोरडी करावी. अनेकदा दोष बोटांच्या डागांचाच निघतो. त्यानंतर दिव्यासमोर धरून पाहावे. प्रकाशाचा ठिपका आरपार दिसला तर तेथील धातूच गेला, असे समजून प्रयत्न सोडून द्यावा. तसे नसेल तर मऊ सुती कापडावर साधी पांढरी दंतमंजनाची पेस्ट घेऊन ओरखड्यावर मध्यापासून कडेकडे काही मिनिटे चोळावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. पेस्टमधील बारीक पूड चऱ्याच्या तीक्ष्ण कडा बोथट करते, त्यामुळे किरण भलतीकडे वळत नाही. खोल चरा याने जात नाही आणि जोर लावल्यास नवे चरे मात्र पडतात.

विकत घेतलेली तबकडी बिघडली तर दुसरी मिळण्याची आशा तरी असते. परंतु घरच्या संगणकावर कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेविल्या असतील, तर ती प्रत जगात एकच. अशा तबकडीत नोंद धरून ठेवणारा रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने खराब होतो. तिच्यावर पेस्टचा प्रयोग करण्यापूर्वी दोनतीन वेगवेगळ्या यंत्रांत ती चालवून पाहावी. गाण्याच्या यंत्राने नाकारलेली तबकडी संगणक पुष्कळदा वाचतो. वाचली गेल्यास त्याच बैठकीत तिची नक्कल करून घ्यावी, घासणे मागाहून. मुंबईत १९९० पासून काम करणारी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ जुन्या मुद्रिका जमवून त्यांची माहिती जतन करीत आली. बेंगळुरातही विक्रम संपत यांनी जुन्या मुद्रिकांचे अंकीय रूपांतर करणारा संग्रह उभारला. नव्या प्रतीवर नाव घालताना बॉलपेन वापरू नये; त्याचे टोक थेट धातूच्या थरावर दाबले जाते. मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या पेनाने, शक्य तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.